अकराच्या रकान्यातला गोल

१ जुलै, सोमवार

आजपासून मी नोकरदार. म्हणजे ट्रेनी. करुणा मॅडम म्हणाल्या, "तीन महिने बघू. तीस सप्टेंबरला ठरवू, ठेवायचं का नाही." ठेवायचं का नाही म्हणे! मी काय भाड्याचा टेम्पो आहे? मॅडम क्वालिटीच्या हेड आहेत. कमी बोलतात, पण जे बोलतात ते घरी आल्यावरसुद्धा डोक्यातून जात नाही.

पहाटे आप्पांनी गाडीवरून फाट्यापर्यंत सोडलं, तिथून कंपनीची बस. अख्ख्या न्हावऱ्यात त्यांचं सांगून झालंय, "आमची ऋतिका इंजिनिअर म्हणून लागली रांजणगावात." आई म्हणाली, "अवो, डिप्लोमा झालाय तिचा." तर आप्पा म्हणाले, "मग? लहान आसला म्हणून कांद्याला लसूण म्हणायचं का?"

मला वाटलं होतं, टेबल मिळेल, खुर्ची मिळेल. मिळाले सेफ्टी शूज, तेपण एक नंबर मोठे. साडेआठ तास उभी होते. आत्ता पाय परातीत गरम पाण्यात बुडवून लिहितेय.

ही डायरी आप्पांना बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली. कॉलेजात मी प्रॅक्टिकलचं जर्नल सोडून काही लिहिलं नाही, पण जर्नल असं लिहायचे की सर ते दुसऱ्या वर्गात दाखवायला न्यायचे. एक खाडाखोड नाही. रीडिंग मागच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलमधून घ्यायचे, सगळेच घेतात. उत्तर बरोबर आलं पाहिजे ना.

३ जुलै, बुधवार

आमच्या लाईनला ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना तयार होतात. अंगठ्याएवढी जाड, चकचकीत पिन. जाडी २४.९८ ते २५.०० मिलिमीटर, बास. त्याच्या वर नाही, खाली नाही. दर तासाला मशीनवरची पिन उचलायची, मायक्रोमीटरनं मोजायची आणि कागदावर त्या तासाच्या रकान्यात आकडा लिहायचा. झालं. एवढ्यासाठी मी तीन वर्षं डिप्लोमा केला.

मला शिकवणार शेखलाल चाचा. वय सत्तावन्न, शिरूरचे, पुढच्या वर्षी रिटायर. सगळी लाईन त्यांना चाचाच म्हणते. माणूस देवासारखा शांत, पण हळू किती! पिन उचलली की दोन-तीन मिनिटं टेबलावर ठेवून तिच्याकडं बघत बसतात. मग मोजतात. मी म्हटलं, "चाचा, मोजू का पटकन?" तर म्हणाले, "थांब गं. तिला बसू दे जरा." पिनेला बसू दे! मी हसू दाबलं.

१२ जुलै, शुक्रवार

आज बाथरूममध्ये जाऊन रडले. सम्राट सरांनी सगळ्यांसमोर झापलं, "कॉलेजातनं डायरेक्ट हितं सोडतात कशाला ह्यांना?" चूक एवढीच की मायक्रोमीटर टेबलाच्या कडेला ठेवला होता. पडला नव्हता. पडला असता म्हणे. सम्राट सर लाईनचे सुपरवायझर. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे असतील, पण आव असा की कंपनीचा पाया त्यांनीच खणला.

पिंकीनं समजूत काढली. ती खुटबावची, शिरूरला मावशीकडं राहते, स्टोअरला ट्रेनी आहे. म्हणाली, "मला तर रोजच बोलतेत. आपण कान बाजूला काढून ठेवायचे." मला नाही जमत तसं. मला कॉलेज आठवतं. तिथं मी कुणीतरी होते. इथं दर तासाला २४.९९, २४.९९ लिहिणारी कुणीही चालेल. रोज तेच येतं तर मोजायचं कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

२३ जुलै, मंगळवार

अखेर माझी किंमत कळली!

गिऱ्हाईक कंपनीची माणसं कधीही येतील म्हणून सम्राट सर कागद चाळत होते. चाचांचा कागद बघून कपाळाला हात लावला. ऑइलचे डाग, बोटांचे ठसे, आकडे वेडेवाकडे. मी म्हटलं, "सर, मी रोज सुट्टीच्या आधी फेअर करून देऊ का?" सर चक्क हसले. चाचापण म्हणाले, "लिव्ह बाई. तुझं अक्षर ग्वाड हाय."

दहा मिनिटांत फेअर कागद तयार. चाचांनी खाली सही केली, वाचलंसुद्धा नाही, इतका विश्वास. जुना कागद मी कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकला. फेअर कागद दुसऱ्या पाळीतल्या पॅकिंगवाल्यांच्या ट्रॉलीला लावला. लांबून बघितलं तरी छान दिसत होता.

२६ जुलै, शुक्रवार

सम्राट सर आज केसांना इतकं जेल लावून आले होते की माशी बसली असती तर घसरून पडली असती. पिंकीला तसं म्हटलं तर ती अर्धा तास हसत होती.

चाचांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. आज तर कहर. अकराच्या रकान्यात २५.०१ लिहून वर वेडावाकडा गोल काढलेला. आधी-नंतर सगळीकडं २४.९९ आणि मध्येच हे. लिहिताना हात हलला असणार, म्हणून गोल करून ठेवला असेल, नंतर दुरुस्त करायला. विचारायला गेले तर चाचा नमाजाला गेलेले. मी २४.९९ करून टाकलं, गोल गाळला. बाकी एक आकडा इकडचा तिकडं केला नाही. शुक्रवार म्हणून चाचा घाईत होते, आले, सही केली, बसला पळाले.

मॅडम जाता जाता कागद बघून म्हणाल्या, "अक्षर चांगलंय तुझं." मॅडम! स्वतःहून! आज आईला सांगितल्यावर तिनं शिरा केला.

६ ऑगस्ट, मंगळवार

कंपनीत स्मशानशांतता. चाकणच्या गिऱ्हाईकाकडं आपल्या पिना बसेनात. जाड निघाल्या. त्यांची लाईन थांबली. आपला नऊ हजार पिनांचा माल त्यांनी अडवून ठेवलाय, कुठल्या चांगल्या, कुठल्या वाईट, कुणाला माहीत नाही. एकेक मोजायची तर आठवडा जाईल, तोवर ऑर्डर दुसऱ्याला.

मॅडमनी जुलैचे सगळे कागद काढले. सगळीकडं २४.९९. एकही आकडा बाहेर नाही. सम्राट सर म्हणाले, "म्हणजे मोजलंच न्हाई. बसल्या जागी आकडे टाकलेत." आणि चाचांकडं बघितलं. सही चाचांची होती.

चाचा म्हणाले, "मी मोजल्याबिगर लिव्हत न्हाई. जाड आलं आसतं तर गोल केला आसता." मग कागद हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. "पण हितं तर गोल न्हाई," म्हणाले. स्वतःशीच बोलल्यासारखं.

बसमध्ये मी पिंकीला विचारलं, "गोल म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "येडी का तू? तुमच्या लाईनला गोल असला की पॅकिंगवाले त्या तासाचा क्रेट बाजूला काढतेत. परत मोजायला. लाल टॅग बिग सगळं पुस्तकात, हितं गोलच चालतो."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

७ ऑगस्ट, बुधवार

चाचांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. गेटवर ओळखपत्र काढून दिलं त्यांनी. मला म्हणाले, "वय झालं गं. चुकलं आसंल माझंच." चुकलं असेल! त्यांचं!

मी गप्प उभी राहिले. लिहिताना लाज वाटतेय पण लिहिते, मी गप्प राहिले. तीस सप्टेंबर आठवला, आप्पांचं इंजिनिअर आठवलं. पिंकीला सगळं सांगितलं तर म्हणाली, "मूळ कागद कचऱ्यात गेला, त्याचा बोळा करून कुणीतरी हात पुसला आसंल. कुणाला कळणार? तोंड शिवून बस." तिचं माझ्यावर प्रेम आहे म्हणूनच म्हणाली.

भाकरी गेली नाही. आई विचारत होती, आप्पा विचारत होते. डोकं दुखतंय म्हटलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

आज पहिल्यांदा मी एकटीनं रीडिंग घेतली. पिन मशीनमधून काढली, लगेच मोजली. २५.००५! घाबरून सम्राट सरांकडं पळाले. त्यांनी येऊन परत मोजली तर २४.९९. म्हणाले, "चटका बसतोय का हाताला? गरम लोखंड फुगतं. कॉलेजात शिकवलं न्हाई?"

शिकवलं होतं. त्याच्यावर दहा मार्कांचा प्रश्नसुद्धा होता, मी दहापैकी नऊ काढलेत. पिनेला बसू दे म्हणजे गार होऊ दे. दर तासाला चाचा तीन मिनिटं तिच्याकडं बघत बसायचे आणि मी त्यांना हसायचे. हा माणूस आकडे बसल्या जागी टाकेल? आणि टाकले कुणी? मी. मीच तर जन्मभर बसल्या जागी आकडे टाकलेत, त्यावर शाबासकीपण घेतलीय.

घरी आल्यावर ही डायरी उघडली. सव्वीस तारीख काढली. सगळं लिहिलंय. वार, रकाना, आकडा, गोल. माझ्याच अक्षरात, एक खाडाखोड नाही.

आप्पांना सांगितलं. सगळं. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "उद्या सांगणार का मॅडमला?" मी म्हटलं, "नोकरी जाईल, आप्पा." ते म्हणाले, "जाईल. मग गावाला काय सांगायचं ते माझं मी बघतो. तू त्याची काळजी करू नको." त्यांचे डोळे भरून आले होते. माझे तर वाहतच होते.

९ ऑगस्ट, शुक्रवार

डायरी डब्याच्या पिशवीत घालून नेली.

मॅडमच्या केबिनमध्ये सम्राट सरपण होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "मूळ कागद?" म्हटलं, "टाकला." "मग आम्ही कशावरून मानायचं? चाचांना वाचवायला सांगत असशील." मी डायरी टेबलावर ठेवली. मॅडमनी चष्मा शोधला, सापडला नाही, डायरी सम्राट सरांकडं सरकवली. "वाचा."

तेव्हा मला आठवलं, त्या पानावर आणखी काय आहे!

मी म्हटलं, "सर, दुसऱ्या परिच्छेदापासून वाचा." ते कशाला ऐकतात. मोठ्यानं सुरुवात केली, "सम्राट सर आज केसांना इतकं जेल..." आणि थांबले. मॅडम म्हणाल्या, "पुढं?" माशी घसरून पडेपर्यंत त्यांना वाचावं लागलं. जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मॅडमचा चेहरा हलला नाही, फक्त त्यांनी खिडकीकडं तोंड केलं.

मग कोंबडी, उकिरडा आणि शेवटी अकराचा रकाना. तिथं सर हळू झाले. दोनदा वाचलं. "मॅडम, क्रेटवर तारीख-वेळेची चिठ्ठी असतीय. सव्वीस जुलै, दहा ते अकरा. हे खरं असंल तर खराब माल एकाच क्रेटात हाय. एकशेवीस पिना." मॅडम उठून उभ्याच राहिल्या. "नऊ हजार नाही, एकशेवीस!"

चाचांना फोन लावला. उद्या सकाळी या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "सरांबरोबर तूपण चाकणला जा. निस्तर." मी विचारलं, "मॅडम, माझं?" "तुझं तीस सप्टेंबरला."

डायरी परत देताना सम्राट सर म्हणाले, "जेल कमी लावत जाईन." हसून नाही म्हणाले. पण रागावूनपण नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

सकाळी गेटवर चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. मी सरळ पाया पडले, सगळ्यांदेखत. "चाचा, गोल मी गाळला. तुमचं काही चुकलं नव्हतं." त्यांनी मला उठवलं. वाटलं, आता बोलतील, बोलावंच. ते म्हणाले, "तीन रात्री झोप न्हाई मला. वाटायचं, नजर गेली आपली, आता लोखंडपण वळखंना." आणि मोठ्ठा श्वास सोडला. मग म्हणाले, "गोल काढला, मशीन नीट लावून घेतलं, तवाच तुला तोंडानं सांगाया पायजे व्हतं. कागदावर सोडलं, ही माझी चूक." मला इतकं भरून आलं की गाडीत बसेपर्यंत नाक पुसत होते.

चाकणला गोदामात क्रेटांची थप्पी. त्यांचा माणूस हाताची घडी घालून उभा, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हे तिघं काय दिवे लावणार. सव्वीस जुलैचा क्रेट सापडला. मी आणि चाचा जमिनीवरच बसलो. पिना गारच होत्या, तरी पहिली पिन चाचांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू बघ." २५.०१.

वाईट पिन निघाली म्हणून कुणाला इतका आनंद झाला नसेल.

एकशेवीसपैकी एकतीस जाड. मग त्याच्या आधीचा क्रेट मोजला, नंतरचा मोजला, त्यांच्या माणसानं बोट दाखवलं ते आणखी चार मोजले. एकही वाईट नाही. दुपारी तीन वाजता त्यांची लाईन आमच्या पिनांवर सुरू झाली. काचेतून आम्ही तिघं बघत होतो. सम्राट सरांनी तिथल्या टपरीवर भजी घेतली. पहिली प्लेट चाचांना, दुसरी मला.

१४ ऑगस्ट, बुधवार

फेअर कागद बंद. मॅडमचा हुकूम. जो कागद मशीनपाशी भरला तोच ट्रॉलीला लागणार, डागांसकट. आणि गोल म्हणजे काय ते बोर्डावर मोठ्या अक्षरात लावलंय. अक्षर माझं.

दर तासाला मोजते. २४.९९ येतं. कंटाळा येत नाही आता. आलं की हुश्श होतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आजचं आजच लिहायचं.

चाचा पुतणीच्या लग्नाला गेलेत, लाईनला मी एकटी. सकाळपासून आकडा सरकत होता. आठला २४.९९, नऊला २४.९९५, दहाला २५.००. अजून मापात, पण काठावर. अकराला पिन काढली, टेबलावर ठेवली, तीन मिनिटं बघत बसले. मोजली. २५.०१. दुसरी. २५.०१. गोल काढला आणि ओरडले, "मशीन बंद करा!"

ऑपरेटर बघतच राहिला. सम्राट सर धावत आले. "ऋतिका, चारला गाडी लागणाराय. आत्ता बंद? आगं, तासाभरात गाडीचा माल पुरा हुतोय." मी म्हटलं, "गोल आहे सर." "परत मोज." मी म्हटलं, "तुम्ही मोजा." त्यांनी मशीनमधली पिन उपसून लगेच मायक्रोमीटर लावायला घेतला. मी त्यांचा हात धरला. हो, सरांचा हात! "गार होऊ द्या तिला." तीन मिनिटं आम्ही दोघं त्या पिनेकडं बघत उभे, सगळी लाईन आमच्याकडं. ऐंशी दिवस काढले, आणि राहिलेल्या अकरा दिवसांत मी सुपरवायझरशी भांडण काढलं. चुकले असते तर तीस तारखेची वाटसुद्धा बघायला नको होती. तरी म्हटलं, "चालू ठेवायची तर कागदावर तुमची सही करा. माझी होणार नाही."

सरांनी मोजलं. मशीनचं दार उघडून पिन कापणारं टूल बाहेर काढलं. धारेचा टवका उडालेला, मला लांबून दिसला.

टूल बदललं, वीस मिनिटं गेली. दहा ते अकराचा क्रेट मी स्वतः बाजूला ओढला. गाडी सव्वाचारला गेली, पंधरा मिनिटं उशिरा, सगळा माल चांगला. सर जाताना म्हणाले, "बरं केलंस." मग चार पावलं गेले आणि मागं वळून, "लई बरं केलंस."

बसमध्ये मी पिंकीला मिठी मारली. ती म्हणाली, "आगं शर्टाला ऑइल लागलंय तुझ्या!" लागू दे.

३० सप्टेंबर, सोमवार

पावणेनऊला मॅडमनी बोलावलं. चाचांना आणि सम्राट सरांनापण. टेबलावर पाकीट.

मॅडम म्हणाल्या, "सव्वीस जुलैमुळे तुला काढायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. पण तू स्वतः येऊन सांगितलंस, म्हणून थांबले. एकोणीस सप्टेंबरनंतर विचार करायचं कारणच उरलं नाही. क्वालिटी इन्स्पेक्टर, कायम. वाच आणि सही कर."

मला अक्षरं दिसेनात. चाचांनी स्वतःचा रुमाल पुढं केला. सम्राट सर पेढ्याचा पुडा घेऊन उभे, म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं! मॅडमची परवानगी घेऊन आप्पांना फोन लावला. "आप्पा, कायम केलं मला." पलीकडून, "कायम? म्हंजी आता न्हाई काढत?" म्हटलं, "नाही काढत." "मालन! आगं ए मालन! पोरीला कायम केलंय!" असं आईला ओरडत ते रानातनं घराकडं पळाल्याचं फोनमधून ऐकू येत होतं. फोन बंद करायचं भानच नव्हतं त्यांना.

मी पेन उचललं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर गेली. नऊला दोन मिनिटं कमी.

"मॅडम, पाच मिनिटांत आले," म्हटलं. सर म्हणाले, "आगं, आधी सही तर कर!" चाचा म्हणाले, "आसू दे, नऊचं मी बघतो." मी म्हटलं, "नाही चाचा, नऊचं माझं आहे," आणि पेढा तोंडात कोंबून जिन्यावरून पळत सुटले. मागं मॅडम मोठ्यानं हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं मी त्यांना हसताना.

पिन काढली. ठेवली. गार होऊ दिली. २४.९९. नऊच्या रकान्यात लिहिलं, हात पुसले, वर गेले आणि सही केली.